सातबाऱ्यावर बोजा चढवा

गेल्या तीन वर्षांत माझ्या ओळखीच्या सहा कुटुंबांनी जंगल विकत घेतलं. सहाही जे. पी. नगरातली, निवृत्त किंवा निवृत्तीच्या दाराशी आलेली, मुलं परदेशात. सकाळी पुट्टेनहळ्ळीच्या तळ्याभोवती फेऱ्या मारताना पूर्वी गुडघे, म्युच्युअल फंड आणि सुना हे विषय असत, आता "तुमचं कुठल्या बाजूला?" असं विचारतात. कुणाचं कनकपुऱ्याच्या पुढे, कुणाचं होसूर ओलांडून डेंकणीकोट्टैकडे, एकाचं थेट सकलेशपूरला. पाव एकर, फार तर अर्धा. लावलेली झाडं मोजून दिलेली, सांभाळायला कंपनी, महिन्यातून दोन रात्री राहायला कॉटेज. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : आम्ही तेवढी जमीन वाचवली.

मी म्हणते, नाही वाचवली. विकत घेणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. आपल्या कायद्याने पहिली गोष्ट सोपी करून ठेवली आहे आणि दुसरी जवळजवळ अशक्य. हे मी कुणाची टिंगल करायला लिहीत नाही. सातवं कुटुंब आमचंच होणार होतं.

मी एकतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागात काढली. तारण म्हणून आलेल्या मिळकतींची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. मदर डीड, पहाणी, ईसी, खाता, मोजणीचा नकाशा. या कामाने माणसाचा स्वभाव जरा खवट होतो. समोरचा काय सांगतो ते कानाआड जातं आणि कागद काय म्हणतो तेवढंच डोळ्यांपुढे राहतं. तेव्हा गेल्या डिसेंबरात आम्ही नवराबायको कनकपुऱ्याच्या पुढची ती जागा पाहायला गेलो आणि दाखवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, इथे कायम जंगलच राहणार, दहा टक्क्यांवर बांधकाम नाही, रासायनिक खत नाही," तेव्हा मी सवयीने खरेदीखताचा मसुदा मागितला.

बावीस पानं होती. वार्षिक देखभाल शुल्काबद्दल तीन पानं, क्लबहाउस कसं वापरायचं याबद्दल दीड. झाडांबद्दल एक ओळ नाही.

"कायम जंगल राहणार, हे कुठे लिहिलंय?"

"ब्रोशरमध्ये आहे ना, मॅडम."

"ब्रोशर रजिस्टर करणार आहात?"

तो हसला. पोरगा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. मी विचारलं, शेजारच्या प्लॉटवाल्याने उद्या विकलं आणि घेणाऱ्याने सगळं तोडून नीलगिरी लावली, नाहीतर रिसॉर्ट बांधलं, तर? तो म्हणाला, "तसं कुणी करत नाही. सगळे तुमच्यासारखेच लोक आहेत."

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि अजून ते माझ्याजवळ आहे. आमच्यासारखे लोक म्हणजे कोण? साठीच्या पुढचे. आमची सदिच्छा फार तर आणखी वीस वर्षं चालेल. मग ती जमीन न्यू जर्सीत किंवा सिडनीत बसलेल्या मुलांच्या नावावर जाईल. ती मुलं कुलमुखत्यारपत्र पाठवून, येईल त्या भावाला, एका फोनवर ती विकून टाकतील. त्यात त्यांचा दोष काय? कागदावर त्यांना कुणी अडवलेलंच नाही. सहा कुटुंबांनी मिळून जे वाचवलं, ते स्वतःच्या हयातीपुरतं वाचवलं. सात-बारा आणि पहाणी यांच्या हिशेबात वीस वर्षं म्हणजे काहीच नाही.

परतताना आणखी एक गोष्ट घडली. जागेच्या खालच्या अंगाला सोलर कुंपण होतं, नवं कोरं. त्याच्या पलीकडे एक बाई दोन गाई घेऊन उभी होती. माझं कन्नड रोजच्या वापराचं आहे, पण तिचं वाक्य समजायला तेवढं पुरलं : "इल्ली दारि इत्तु." इथे वाट होती. खाली केरे आहे, गावची गुरं तिथे पाण्याला जायची. आता दीड किलोमीटर वळसा पडतो. आमच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, त्यांना दुसरा रस्ता आहे. असेलही. बाईने कुंपणाकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे पाहिलं आणि गाई वळवल्या.

गंमत अशी, की आपल्या कायद्यात 'ईझमेंट' म्हणतात ते नेमकं हेच. दुसऱ्याच्या जमिनीतून जायची वाट, दुसऱ्याच्या बांधावरून येणारं पाटाचं पाणी, खिडकीला येणारा उजेड. सरकारी मराठीत सुविधाधिकार, गावच्या भाषेत वहिवाट. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला, म्हणजे आमच्या पणजोबांच्या वेळेपासून तो आमच्या मानेवर आहे. वीस वर्षं उघडपणे, हक्काने, विनाखंड वाट वापरली तर ती वाट तुमची होते. त्या बाईच्या गाईंना कदाचित तो हक्क मिळालेलाही असेल. पण त्यासाठी कनकपुऱ्याच्या कोर्टात वकील लावायला तिच्याकडे आमच्यासारखं पेन्शन नाही. निसर्ग राखायला गेलेल्या माणसांनी पहिलं काम केलं ते गावाचा जुना सुविधाधिकार बंद करण्याचं. आणि स्वतःच्या सदिच्छेसाठी मात्र एक नवा सुविधाधिकार लिहून घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

तो नवा सुविधाधिकार म्हणजे काय, ते सांगते. माझी मावसबहीण अमेरिकेत व्हर्माँटमध्ये असते. तिच्या घरामागे दूधधंद्याचं एक मोठं शेत आहे. त्या शेतकऱ्याने एका न्यासाला काहीतरी विकलं, असं ती म्हणाली, तेव्हा मला वाटलं शेत विकलं. तसं नव्हतं. शेत त्याचंच आहे, गाई त्याच्याच आहेत, उद्या तो ते मुलाला देईल किंवा विकेल. त्याने विकला तो फक्त त्या शेताचे तुकडे पाडून घरं बांधण्याचा हक्क. तो हक्क आता न्यासाकडे आहे, आणि न्यास तो कधीच वापरणार नाही. शेताचा पुढचा प्रत्येक मालक त्या कागदाला बांधलेला.

कोकणातल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. आमच्याकडे जमीन एकाची, त्यातला फणस दुसऱ्याचा आणि यंदाचे काजू तिसऱ्याने घेतलेले, असं सर्रास असतं. मालकी एकसंध नसते. तिचे वाटे पाडता येतात. बांधकामाचा, खाणीचा, तोडीचा वाटा वेगळा काढून कुणाकडे तरी कायमचा ठेवून द्यायचा, एवढंच. अमेरिकेत यासाठी १९८१ मध्ये राज्यांनी स्वीकारावा असा एक नमुना कायदा तयार झाला. त्याआधीच, १९७० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या सफक काउंटीने शेतकऱ्यांना रोख पैसे देऊन त्यांच्या शेतांचे बांधकामाचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली होती. बटाट्याची शेतं होती ती, न्यूयॉर्क शहराच्या सावलीतली. कनकपुरा बेंगळुरूच्या सावलीत आहे तशी.

आपल्याकडे हे का होत नाही? कारण १८८२ च्या कायद्याला दोन जमिनी लागतात : एक हक्क बजावणारी, दुसरी तो सोसणारी. सुविधाधिकार माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. जंगल राखणाऱ्या न्यासाची शेजारी जमीन नसेल तर त्याला तुमच्या झाडांवर काही हक्कच सांगता येत नाही. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं ४० वं कलम थोडी फट ठेवतं, पण तिथेही अट तीच, की करार तुमच्या स्वतःच्या मिळकतीच्या सुखसोयीसाठी असला पाहिजे. शिवाय, ज्याला करार माहीतच नव्हता आणि ज्याने पैसे मोजून जमीन घेतली, त्याच्यावर तो चालत नाही. दोन्ही जमिनी एकाच मालकाकडे आल्या की सुविधाधिकार मेला. वाट वीस वर्षं वापरली नाही की मेला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं मिटवायला लिहिलेला कायदा तो, त्याच्याकडून किंजळीचं आणि धनेशाचं रक्षण कसं होणार?

आमच्या पूर्वजांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली होती, असं मला कधी कधी वाटतं. देवराई म्हणजे दुसरं काय? शेजारची जमीन नाही, मग हक्क कुणाच्या नावाने? देवीच्या. ती मरत नाही, तिला वारस नाहीत, ती कुलमुखत्यारपत्र देत नाही. कोडगूतली देवरकाडं तशीच. पण देवीच्या भीतीवर आता किती दिवस काढायचे, हाही प्रश्नच आहे. तिच्या राईत सभामंडप बांधायला निघालेले भक्तच असतात.

तर मग सरकार आहे, असं म्हणणारे असतात. वनखातं आहे, अधिसूचना आहेत. आमच्या बन्नेरघट्ट्याचंच बघा. जे. पी. नगरातून निघालं की अर्ध्या-पाऊण तासात राष्ट्रीय उद्यानाची कड लागते. त्याच्या भोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१६ मध्ये आला तेव्हा क्षेत्र होतं २६८.९६ चौरस किलोमीटर. मार्च २०२० मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा राहिलं १६८.८४. शंभर चौरस किलोमीटर कुठे गेले? कागदातून गेले. जी गोष्ट सरकार एका सहीने देतं, ती दुसऱ्या सहीने परत घेतं.

पण उलट उदाहरणही आमच्याच वस्तीत आहे. एप्रिल २०१५ मध्ये सारक्की तलावाच्या हद्दीतली घरं जिल्हा प्रशासनाने पाडली. अनेकांनी ती रीतसर पैसे भरून घेतली होती. कर्ज काढून घेतली होती, त्यातली काही प्रकरणं कुठल्या ना कुठल्या बँकेच्या टेबलावरून गेलीच असणार. मी तेव्हा नोकरीत होते. त्या आठवड्यात आमच्या शाखेत कुणाला नीट जेवण गेलं नाही. पण जुन्या मोजणीच्या नकाशात तलावाची रेघ होती. पन्नास वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तरी ती होती, आणि शेवटी जिंकली तीच. घरं गमावलेल्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. मी फक्त एवढं म्हणते, की महसुली कागदावरची रेघ माणसांपेक्षा चिवट असते. झाडांना ती मिळालेली नाही.

इथे एक फाटा घेते, कारण तो टाळणं अप्रामाणिक होईल. आम्ही बेंगळुरूची नोकरदार माणसं ही जमीन घेऊच कशी शकतो? १९७४ मध्ये देवराज अर्स सरकारने कर्नाटकात 'कसेल त्याची जमीन' प्रत्यक्षात आणली. त्याच सुधारणेतली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं सांगत होती, की शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घ्यायची नाही. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, वटहुकूम काढून ती कलमं उडवली गेली, वर्षअखेरीस कायदा झाला, आणि ती १९७४ पासूनच नव्हती असं धरून चालायचं ठरलं. त्या एका दुरुस्तीनंतर आमच्यासारख्यांचे लोंढे निघाले. आमच्या उपनगराला ज्या जयप्रकाशांचं नाव आहे, त्यांनी १९५४ मध्ये विनोबांच्या भूदानासाठी जीवनदान जाहीर केलं होतं. भूमिहीनांसाठी जमीन मागत फिरणाऱ्या माणसाच्या नावाच्या वस्तीतून आम्ही शनिवारी सकाळी जमीन पाहायला निघतो. असो. कायदा बदलला आहे आणि मी त्याचा फायदा घ्यायला निघालेच होते. पण ज्या दिवशी शहराला गावची जमीन घ्यायची मोकळीक दिली, त्याच दिवशी त्या जमिनीचं शेत-रान राखायचं बंधन लिहून घेण्याची सोय का नाही दिली? दार काढलं, उंबराही काढला.

आता माझी खरी अडचण.

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं. तीन एकर सतरा गुंठे, डोंगराच्या उतारावर; वर ऐन, किंजळ, नाणा, खाली काजूची थोडी लागवड आणि एक विहीर. सात-बारावर दादाचं आणि माझं नाव सामाईक. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्र दिलं नव्हतं, दादानेही कधी मागितलं नाही, एवढा तो मोठ्या मनाचा. भोवतालची रानं एकेक करून रबराखाली गेली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली. तरी करवतीचा आवाज थांबला नाही, हे तिकडच्या कुणालाही विचारा. जून २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, २९.५३ चौरस किलोमीटर, चांगलं झालं. पण ते सरकारी वनजमिनीवर. तिथला वाघ आणि कर्नाटकातून उतरलेले हत्ती खाजगी रानातूनच ये-जा करतात, आणि खाजगी रान म्हणजे दादासारख्यांचं.

दादाकडे गिऱ्हाईक आलं. भाव चांगला होता. माझी सही हवी होती. मी नाही म्हटलं आणि पर्यावरणावर बोलायला लागले. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, "तुका थंय बसान रान होया. माज्या पोराच्या लग्नाक पैशे रान देतला काय?"

नंतर चार महिने फोन नाही.

त्या चार महिन्यांत मला जे कळलं ते असं : मी दादाकडून फुकट मागत होते. आणि त्याच्याकडून आजवर सगळ्यांनी फुकटच मागितलं आहे. सिंधुदुर्गात 'वनसंज्ञा' हा शब्द उच्चारून बघा, माणसं कशी उसळतात. न विचारता, पै न देता महसुली कागदावर लागलेला शेरा, आणि मग स्वतःच्या जागेत घराला परवानगी मिळेना. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकरांचा घोळ कित्येक पिढ्यांचा. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात ग्रामसभांना विचारून ठरवा असं स्वच्छ म्हटलेलं असताना, गावोगाव तो 'आणखी एक बोजा' म्हणूनच पोचवला गेला आणि तसाच ऐकला गेला. दूध पोळलेलं तोंड आहे ते. पश्चिम घाट राखण्याचं पुण्य सगळ्या देशाचं आणि किंमत दोडामार्गातल्या सातबारेदाराची, हा हिशेब जोवर बदलत नाही तोवर माझ्यासारखीने त्याला पर्यावरण शिकवू नये.

म्हणून माझं म्हणणं हे आहे. बोजा लादू नका, विकत घ्या. आम्हा शहरातल्या लोकांना जमीन विकूच नका. फार तर तिच्यावरचं बंधन विका. आम्ही पाव एकरासाठी जे मोजतो त्यात कित्येक एकरांचा तोडीचा, खाणीचा आणि बांधकामाचा हक्क विकत घेऊन कायमचा निजवून ठेवता येईल. जमीन दादाची राहील. काजू त्याचे, वाळकी लाकडं त्याची, वाट सगळ्यांची. आम्हाला कॉटेज मिळणार नाही, हे खरं. कॉटेज हवी असेल तर सरळ कॉटेज घ्यावी आणि तिला जंगल म्हणू नये.

अमेरिकेची नक्कल करा असं मी म्हणत नाही. तिथे हक्कदान करणाऱ्याला मुख्यतः आयकरात सूट मिळते, आणि त्या सुटीने लबाडांना वाट दाखवली. चार गुंतवणूकदार एकत्र यायचे, जमिनीचं मूल्यांकन फुगवायचे आणि गुंतवलेल्या रकमेच्या अडीचपट किंवा जास्त सूट उचलायचे. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या आयकर खात्याने अशा व्यवहारांवर नोटीस काढली आणि २०२२ च्या अखेरीस कायद्यानेच त्यांना लगाम घातला. आपल्याकडे तर सूट निरर्थकच आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ग्रामीण शेतजमीन विकली तर त्या नफ्यावरही नाही. जो कर भरतच नाही त्याला कसली सूट देणार? त्याला रोख द्यायला हवं.

आपल्या कायद्यात पाया नाही असंही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं. गावाने किंवा एकट्या मालकानेसुद्धा स्वतःहून पुढे यावं, राज्याने अधिसूचना काढावी, आणि मग व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता असल्याशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीच्या समितीत मालक, वनखात्याचा माणूस आणि पंचायतीचा माणूस बसतो. मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेळ्ळूर असंच राखीव आहे. पेलिकन आणि रंगीत करकोचे गावकऱ्यांच्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात आणि चिंचा पाडायच्या नाहीत म्हणून झाडवाल्याला काहीतरी मोबदला देण्याची पद्धत तिथे आहे. रक्कम किती आणि वेळेवर येते का, हे झाडवाल्यालाच विचारावं. पण तत्त्व बरोबर आहे. झाड माझं, फळ मी सोडलं, सोडल्याचे पैसे द्या. उणीव ही की मूळ कायद्यात पैशाचा शब्द नाही, आणि राखीव ठेवायचं की उठवायचं हे शेवटी सरकारच्याच हातात.

'जमिनीवर कायमचं बंधन' ही कल्पना परकी आहे असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. आपलं सगळं महसूल दफ्तर कसल्या ना कसल्या बंधनांनी भरलेलं आहे. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. कर्नाटकात १९७८ चा कायदा आहे : अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकली तर ती विक्रीच रद्द, चौथ्या हाताला गेली असली तरी. सात-बारावर 'इतर अधिकार' हा रकाना आहे, पहाणीवरही हक्क आणि ऋणांचा रकाना आहे. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथे चढतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची राखीव नोंद तिथे चढते. त्याच रकान्यात आणखी एक ओळ चढवायला काय हरकत आहे? 'बांधकाम, खाणकाम व तोडीचा हक्क अमुक ग्रामपंचायत व अमुक न्यास यांजकडे, मोबदला पोचला.' शेतजमिनीवरील हक्क आणि तिचं हस्तांतरण हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. बेंगळुरूच्या विधानसौधात किंवा मुंबईच्या विधानभवनात एका अधिवेशनात होण्यासारखं काम आहे. जे सभागृह ७९ अ आणि ब एका फटक्यात काढू शकतं, ते एक कलम घालूही शकतं.

आक्षेप येतात, त्यातला एक मला खरोखर अडवतो. मेलेल्या माणसांनी जिवंतांना का बांधावं? दादाने आज पैसे घेतले आणि नातवाला तिथे घर हवं असलं तर? मी यावर बरेच दिवस विचार केला. घरासाठी दहा गुंठे बाहेर ठेवा, हे व्यवहारी उत्तर झालं. पण मूळ प्रश्नाला माझा उलट प्रश्न आहे. डोंगर पोखरून चिऱ्याची खाण काढली तर तो डोंगर नातवाला परत मिळतो का? कनकपुऱ्याच्या भागात ग्रॅनाइटसाठी फोडलेल्या टेकड्या कुठल्या पिढीला परत मिळणार? मोडण्याचा कायमपणा आपण बिनबोभाट चालवून घेतो. राखण्याचा कायमपणा म्हटलं की मात्र सगळ्यांना पुढच्या पिढीचं स्वातंत्र्य आठवतं. राखलेलं रान नंतरच्या विधानसभेला मोडता येतं. मोडलेलं रान कुठल्याही विधानसभेला उभं करता येत नाही.

दुसरा आक्षेप न्यासाबद्दलचा : कुणाचा न्यास, कुणाचे विश्वस्त? रास्त आहे. म्हणून हक्क एकट्या न्यासाकडे नको, ग्रामपंचायतीबरोबर सामाईक हवा, आणि व्यवहार नोंदवण्याआधी गावच्या वाटा, पाणी, चराई, सरपण यांची वहिवाट लिहून काढलेली हवी. ज्या कागदाने गाई अडतात तो संवर्धनाचा कागद नव्हे. पुट्टेनहळ्ळीचं तळं रहिवाशांच्या न्यासाने २०११ पासून महापालिकेशी करार करून सांभाळलं; मी स्वतः तिथे रविवारी जलपर्णी ओढली आहे. तेव्हा शहरातली माणसं फक्त पैसे फेकतात असं नाही, राबतातही. पण ते तळं सार्वजनिक होतं. आम्ही कुणाची वाट बंद केली नव्हती.

कनकपुऱ्याच्या जागेचा इसार आम्ही दिला नाही. नवरा थोडा हिरमुसला, त्याने आंब्याच्या जातींची यादी करून ठेवली होती. त्या पैशांतून मी दादापुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. आधी वाटप. विहिरीजवळचे पंचवीस गुंठे माझ्या नावावर, बाकी सगळं त्याच्या. मग त्याच्या जमिनीवरचं रान न तोडण्याचं बंधन माझ्या पंचवीस गुंठ्यांच्या, म्हणजे माझ्या विहिरीच्या पाण्याच्या, हितासाठी त्याने मला विकायचं, नोंदणी करून, मोबदला घेऊन. कायद्याला दोन जमिनी लागतात ना, घ्या दोन जमिनी. सावंतवाडीचा वकील म्हणाला, बाई, हे असं कुणी करत नाही, पण करता येईल. सात-बाराच्या रकान्यात ही नोंद तलाठी घेईल का, याची खात्री त्याला नाही. निदान दुय्यम निबंधकाकडे ती सापडेल आणि पुढच्या घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. तकलादू आहे, मला ठाऊक आहे. माझे पंचवीस गुंठे माझ्या मुलीने दादाच्या नातवाला विकले की दोन्ही जमिनी एक होतील आणि सगळं पुसलं जाईल. तिला मी हे सांगून ठेवलंय. ती म्हणाली, बघू.

मसुदा दादाला टपालाने पाठवला होता. गणपतीआधी परत आला. त्याने तो ओळ न् ओळ वाचलेला दिसतो. 'तोड' या शब्दापुढे त्याने पेनाने लिहिलंय, 'वाळकी व पडकी सोडून'. विहिरीच्या कलमात वाडीतल्या चार घरांच्या पाण्याची वाट घातली आहे, नावांनिशी. ती मी विसरले होते. घराचे दहा गुंठे खोडून बारा केले आहेत. रकमेच्या जागी रेघ मोकळीच ठेवली आहे. ती फोनवर ठरायची आहे, आणि भाव करण्यात दादा मला आजवर कधी हरलेला नाही.